वयनीच्या हातचा हार

गुलाब लावायची कल्पना माझी, हे मी भेटेल त्याला सांगत आलेय आणि ते खोटं नाही. खोटं आहे ते त्याच्यापुढचं. लोक म्हणतात, "बाई, तुमी एकट्यान केवढा उभा केलात!" आणि मी "कसला काय" म्हणत मान डोलावते. एकटीनं! माझी थोरली जाऊ तेव्हा चार पावलांवर पाइप धरून उभी असते आणि तिचे कान चांगले तिखट आहेत. मी तशी तोंडाची फटकळ. बाजारात बांगड्याच्या वाट्यावरून भांडण काढून वर दोन बांगडे जास्तीचे घेऊन येणारी बाई. पण या एका वाक्यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. का, ते आज सांगूनच टाकते.

आमचं घर जामसंड्याच्या बाहेर, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या कडेला. नवरा मुंबईत नोकरीला, मुलगी शिकायला बाहेर, घरात आम्ही दोघी जावा. थोरले दीर जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दुपारी पानावर बसले होते, छातीत कळ आली आणि संपलं. त्यानंतर वयनी बोलायची बंदच झाली म्हणा ना. जाऊ असली तरी मी तिला वयनीच म्हणते, ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. विचारलं तेवढं उत्तर द्यायची, भाकरी करायची, आणि संध्याकाळी पडवीत बसून रस्त्याकडे बघत राहायची. मला तर वाटायचं, भिंतीशी बोललेलं बरं.

एका सोमवारी कुणकेश्वराला गेले होते. देवाला हार घ्यायचा म्हणून उचलला तर गुलाबाच्या कडा तपकिरी झालेल्या, देठ लिबलिबीत. मी दुकानदाराला म्हटलं, "ह्या देवाक घालूचा की गायरीत टाकूचा?" तो बिचारा हसला. "घाटावरसून येतत ते, बाई. काल तोडलेले, रातभर टेम्पोत. आपल्या हय कोण लावता गुलाब?" घरी येईस्तोवर डोक्यात किडा वळवळायला लागला. अबोली आहे, सुरंगी आहे, जास्वंद तर कुंपणाला आहे. पण लग्नाला, सत्काराला, गणपतीच्या आराशीला लोकांना गुलाबच लागतो, आणि तो येतो शिळा.

देवगडच्या माणसाला आंबा सोडून दुसरं काही पीक असतं हे पटतच नाही. शेजारचे काका दगडी गडग्यावरून ओरडले, "सड्यार गुलाब? उद्या सफरचंदा लाव गो!" मी म्हटलं, "लावतलंय, आणि तुमका एक फोड पण देवचंय नाय." खरं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या मागच्या तुकड्यात माती वीतभर, खाली सगळा कातळ. चिरे लावून वाफे उंच केले, बाहेरून माती आणून टाकली, शेणखत भरलं, आणि दिवाळीनंतर घाटावरून कलमं आणली. गावठी गुलाबी आणि लाल, दोन्ही.

शिमग्यापर्यंत काही कलमांना असे जोमदार फुटवे आले की मी दिवसातून दहा वेळा बघून यायची. एक दिवस आंघोळ करून बाहेर आले तर वयनी कात्री घेऊन तेच फुटवे बुडातून कापत होती. मी अशी काही ओरडले की गडग्यापलीकडचे काका धावत आले. वयनीनं शांतपणे एक फांदी माझ्यापुढे धरली. "पाना मोज. सात आसत. ह्या गुलाब न्हय गो, ह्या खालचा जंगली खोड वर इला. ह्या ठेवलंस तर वरचा कलम मरतला." चार वर्षांत तिच्या तोंडून मी एका दमात एवढे शब्द ऐकले नव्हते. तिचं माहेर शिरोड्याचं. तिची आई परसात फुलं लावायची, अबोलीचे आणि बकुळीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून विकायची. हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं, पण गुलाबाच्या बाबतीत तिला विचारावं हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नव्हतं.

त्या दिवसापासून बाग तिची झाली. मी नुसती मिरवणारी. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले, निम्मी पानं गळाली, मी कपाळाला हात लावून बसले. वयनी डोक्यावर इरलं घेऊन एकेक डागाळलेलं पान खुडून लांब नेऊन पुरत होती. छाटणी तिची, झाडांच्या आळ्यांना मातीची भर तिची. मी स्कूटीवरून फुलं पोचवायची, देवगडला, जामसंड्याच्या दुकानांत, कुणकेश्वरच्या त्याच दुकानदाराला. तोंडाचं काम माझं, हाताचं तिचं. जोडी बरी जमली होती.

मग हार सुरू झाले. वयनी सुईदोरा वापरत नाही. केळीच्या खोडाचं सोपट पाण्यात भिजवायचं, त्याचा बारीक दोर काढायचा, आणि त्यावर फूल ठेवून गाठ, फूल ठेवून गाठ. तिचा हार देवाच्या अंगावर वाळून पाचोळा झाला तरी त्यातून फूल सुटत नसे. सकाळी पडवीतल्या टेबलावर फुलांची परडी घेऊन बसली की ती गुणगुणायची. एकदा तर माझी नक्कल करून दाखवली, मी बाजारात कशी हात नाचवते त्याची, आणि स्वतःच इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, गुलाबांनी माणूस परत आणलं.

स्वतःच्या केसांत मात्र तिनं एक पाकळीही घातली नाही. घरात परड्याच्या परड्या फुलं, मी रोज एक खोचायची, आणि "वयनी, तुमी पण घाला" असं एकदाही म्हटलं नाही. विधवा बाईला कसं म्हणायचं? मी बी. ए. झालेली, टीव्हीवरच्या चर्चा ऐकून तावातावानं बोलणारी. पण ते मनातसुद्धा आलं नाही, हे सांगताना आज लाज वाटते.

दुसऱ्या हंगामात लग्नाच्या हाराची पहिली मोठी मागणी आली. कुणकेश्वराच्या वाटेवरच्या एका गावातलं चांगलं नावाजलेलं घर. नवऱ्यामुलाची आई आठ दिवस आधी स्वतः आली, बाग बघितली, चहा घेतला, आणि निघता निघता आवाज खाली करून म्हणाली, "हार कोण करता?"

"मी," मी म्हटलं.

"रागावा नको हां. लग्नाचो हार सवाशिणीच्या हातचो होयो. तुमच्या जावबाईंचो हात लागता नये, इतक्याच."

मी, बाजारात दोन बांगड्यांसाठी भांडणारी, काय म्हणाले असेन? "छे छे! ती फक्त पाणी घालता."

वयनी आतल्या दाराशी कप घेऊन उभी होती. तिनं कप विसळले, पालथे घातले. मी मनाशी म्हटलं, ऐकलं नसेल.

लग्नाच्या दिवशी सकाळी उठून बघते तर वयनी टेबलाशी. रात्रीच सोपट भिजत घातलेलं असणार. निवडून निवडून एकसारखी लाल फुलं घेतलेली, आणि हातभर हार झालेलाही. म्हणजे खरंच ऐकलं नसावं, किंवा ऐकून तिला वाटलं असेल की ही काय, बाहेरच्यांपुढे बोलते तसं बोलली, घरात थोडीच तसं करणार आहे? माझ्यावर तेवढा विश्वास होता तिचा.

"वयनी, आजचो मी करतंय. तुमी वायच बागेत बघा."

 तिनं हार टेबलावर ठेवला आणि ती उठली. मी कात्री घेतली आणि तिचा हातभर हार कापून फुलं मोकळी केली. ती अजून पायरीवरच होती. थांबता आलं असतं मला, ती मागे वळेपर्यंत तरी. नाही थांबले. वेळ होत होता ना!

आता सोपटावर गाठ मारणं मला कुठलं येतंय? मी नायलॉनचा दोरा आणि मोठी सुई घेतली आणि ओवत सुटले. दिसायला हार झकास झाला. दोन्ही हारांचे डबे घेऊन मी स्वतः मांडवात गेले, जरीची साडी नेसून, आमच्या फुलांच्या धंद्याची कार्डं पण बरोबर घेतली होती वाटायला.

मंगलाष्टकं संपली. मुलीनं मुलाच्या गळ्यात हार घातला, मुलानं मान वर केली, आणि खांद्याजवळ दोरा सरकला. ओल्या नायलॉनची गाठ ती, सुटली की सुटलीच. फुलं अक्षतांवर टपाटप पडली. सगळ्या मांडवातून "आँ" असा आवाज आला. भटजींनी प्रसंग सांभाळला, कुणीतरी पळत जाऊन दुसरा हार आणला, वाजंत्री पुन्हा वाजायला लागली. पण माझ्या मागच्या रांगेतून एक म्हातारी बोललीच, "तिचोच हात लागलो आसतलो. दुसरा काय!"

नवऱ्यामुलाची आई वाट काढत माझ्यापर्यंत आली. चेहरा पांढराफटक. "खरा सांगा," ती म्हणाली, "कोणी केल्यान हार?"

काय अवघड होतं? मी केला, नायलॉनचा केला, मला गाठ मारता येत नाही. तीन वाक्यं. पण भोवती पन्नास बायका, लग्नसराई नुकती सुरू झालेली, माझ्या पर्समध्ये ती कार्डं. मी केला म्हटलं असतं तर माझ्या हातचा हार पुन्हा कुणी घेतला नसता. मी खोटं बोलले नाही हो. मी काहीच बोलले नाही. मान खाली घातली. आणि मान खाली घालण्याचा जो अर्थ होतो तो तिथल्या प्रत्येक बाईनं काढला.

"माका वाटलाच," ती बाई म्हणाली आणि गेली.

उरलेला हार पिशवीत कोंबून मी घरी आले आणि मागे गायरीत, शेणाच्या खड्ड्यात टाकला. वयनीनं विचारलं, "बरा झाला मा लगीन?" मी म्हटलं, "झाला." तिनं मला सोलकढी वाढली.

दोन दिवसांनी ती रेशनच्या दुकानावर गेली होती. परत आली, पिशवी ठेवली, मासे साफ करायला बसली. काय कानावर पडलं असेल ते मला कळलं, कारण वाटेत दोघीतिघींनी मलाही गाठून सहानुभूती दाखवली होती. मला, म्हणजे बघा! "तू तरी काय करतलंस, घरातलीच ती." मी त्यांना थांबवलं नाही.

तेव्हापासून वयनी टेबलाशी बसली नाही. लग्नघरचं कुणी फाटकाशी दिसलं की ती उठून मागे मांगराकडे, अवजारांच्या खोपीकडे जायची, ते जाईपर्यंत तिथेच. हार मी करायची, तिची गाठ आठवून आठवून, रडतखडत. गिऱ्हाईक विचारायचं, "तुमची जावबाय हात लावणत नाय मा?" आणि मी म्हणायची, "नाय, नाय." एक दिवस, दोन दिवस नव्हे, अख्खा हंगाम. तिचं गुणगुणणं बंद झालं. पुन्हा पडवीत बसून रस्त्याकडे बघणं सुरू झालं. मी भांडी आपटायची, कुत्र्यावर ओरडायची, फोनवर नवऱ्याशी भांडायची. त्याला वाटायचं माझं वय झालं. चोराच्या मनात चांदणं, तसं घरात कुणी खाकरलं तरी मला वाटायचं, आता ती विचारणार. तिनं विचारलंच नाही.

पावसाळ्यात पानं खुडताना मला राहवलं नाही. ती वाफ्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मी म्हटलं, "वयनी, त्या लग्नाचो हार... तुटलो तो माझ्या हातचो. मी थंय कोणाक सांगूक नाय."

"ठावक आसा," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"कसा?"

"गायरीत टाकललंस मा? मी शेण टाकूक गेललंय. नायलॉन मी वापरतंय काय?"

म्हणजे रेशनच्या दुकानावर जायच्या आधीपासून तिला माहीत होतं. तिथे बायका बोलल्या तेव्हा तिच्या हातात उत्तर होतं आणि ती गप्प राहिली. मी तिच्यावरच चिडले, खरं सांगते. "मगे बोललात कित्याक नाय? तोंड नाय तुमका?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझा नाव गेला आसता तर ही बाग रवली आसती? माझा काय, माझा नाव तुझो दीर गेलो तेवाच गेला."

मी चिखलात मटकन बसले आणि मोठ्यानं रडले. ती म्हणाली, "उठ, कपडे मळतत." आणि खुडलेली पानं टोपलीत दाबत म्हणाली, "एक कर माझ्यासाठी. पुढे कोणी इचारल्यान हार कोणी केलो, तर सांग, माझ्या थोरल्या जावेन केल्यान. इतक्याच. कोणाक नको झालो तर नेवचो नाय."

मी शपथ घेतली. देवाची, मुलीची, सगळ्यांची.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिली मागणी आली. वयनी टेबलाशी बसली. वर्षभरानं बसली असेल. बोटं आधी जरा अडखळली, मग लागली चालायला. दोन हार केले तिनं. लाल फुलांत मध्येच एकेक गावठी गुलाबी, त्यामुळे डब्याचं झाकण उघडलं की वास यायचा. करताना ती गुणगुणत नव्हती, पण ओठ हलत होते. झाल्यावर हात धुतले, पदराला पुसले, आणि आतल्या दाराशी येऊन उभी राहिली. मांगराकडे गेली नाही.

नऊच्या सुमारास मुलीचा मामा व्हॅन घेऊन आला. पन्नाशीचा, घामाघूम, लग्नाची धावपळ चेहऱ्यावर. त्यानं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि म्हणाला, "वा! कोणी केल्यान हो हार?"

मी तयार होते. वाक्य पाठ होतं. सकाळपासून तोंडात घोळवत होते. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "आमी दोघींनी."

"हात जोडूक होये तुमका," तो म्हणाला. "असो हार मी जल्मात बघूक नाय." झाकण लावलं, डबे पुढच्या सीटवर नीट ठेवले, आणि गेला. बस. सवाशीण नाही, शकुन नाही, त्याच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. हार आवडला म्हणून विचारलं होतं त्यानं, शाबासकी कुणाला द्यायची ते कळावं म्हणून. आणि तिच्या एकटीच्या शाबासकीतली अर्धी मी काढून घेतली, कशाला, तर भीतीनं. कुणाच्या भीतीनं? तिथे तर कुणीच नव्हतं.

मी वळले. वयनी दाराशीच होती.

"दोघींनी?" ती म्हणाली. आमटीत मीठ घातलंस का, असं विचारावं तशा आवाजात.

"वयनी, माका वाटला तो माणूस..."

"बरो आसा तो माणूस," ती म्हणाली, आणि पाइप घेऊन वाफ्यांकडे गेली.

आता सगळे हार तीच करते. मी करायला लागले तर माझ्या हातातून काढून घेते, म्हणते फुलं फुकट घालवशील. बोलते, कामापुरतं बोलते. गिऱ्हाईक येतं, डबा उघडतं, "मस्त झालो" म्हणतं आणि नेतं. हार कोणी केला, असं त्या मामानंतर मला कुणी विचारलेलं नाही. मी वाट बघते. कुणीतरी विचारा रे, असं मनात म्हणत उभी असते. आणि मग वाटतं, न विचारता सांगायला माझं काय जातं?

काल एक बाई मुलाच्या लग्नाचे हार घेऊन गेली. मी मुद्दाम तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले, सांगायचंच म्हणून. मागे वाफ्यात पाण्याचा आवाज थांबला होता. वयनीनं पाइप बंद केला होता. मी फाटक उघडून दिलं आणि त्या बाईला म्हटलं, "सांभाळून जावा हां."